इलेक्ट्रिक गाडीची लीज वाढवावी का? कोकणातून येणारे नेहमीचे प्रश्न

लीजवर घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीची मुदत संपत आली की लीज कंपनीकडून विचारणा येते: गाडी परत करा, विकत घ्या किंवा मुदत वाढवा. बहुतेक जण तिसरा पर्याय निवडतात, कारण त्यात आज काहीच करावं लागत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या गाड्यांच्या बाबतीत काही गोष्टी मुंबई-पुण्यापेक्षा वेगळ्या पडतात, म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगून ठेवतो. पुढच्या वर्षात तुमच्याकडे नेमकं काहीतरी घडणार असेल (बदली, निवृत्ती, हवी ती नवी गाडी बाजारात येणं, घराचं काम संपणं) तरच मुदत वाढवा. नुसतं 'बघू पुढे' म्हणून वाढवलेली लीज बहुधा महागात जाते.

मुदतवाढ म्हणजे नक्की काय वाढतं?

गाडी वापरायचा हक्क वाढतो, एवढंच धरून चाला. मूळ करारात इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडल्यास मदत हे सगळं भाड्यात धरलेलं असेल, तरी वाढीव काळात ते तसंच राहील असं नाही. टायर बहुतेकदा त्यातून वगळले जातात. आणि तीन-चार वर्षांच्या इलेक्ट्रिक गाडीला नेमके तेच लागतात. बॅटरीमुळे गाडी जड असते, मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे टायर पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजतात. त्यात आपले घाट. म्हणून काय काय चालू राहणार आणि काय बंद होणार, ते लेखी मागा.

भाडं तेवढंच राहील म्हणतात. ते बरोबर आहे का?

नाही. लीजच्या भाड्यात तीन गोष्टी असतात: गाडीची घसरणारी किंमत, गुंतलेल्या पैशाचं व्याज आणि सेवा. गाडीची किंमत सगळ्यात जास्त घसरते ती सुरुवातीला, आणि ती घसरण तुम्ही आधीच भरून दिली आहे. चौथ्या वर्षी घसरण कमी, गुंतलेली रक्कमही कमी. मग भाडंही खाली यायला हवं. लीज कंपनी आपणहून ते कमी करत नाही. मागावं लागतं, आणि मागितल्यावर बऱ्याचदा मिळतं, कारण परत आलेली इलेक्ट्रिक गाडी विकणं ही त्यांचीही डोकेदुखी असते.

हिशेब कसा मांडायचा?

कागद घ्या. लीज कंपनीकडून तीन आकडे मागवा: वाढीव वर्षाचं भाडं, आज गाडी विकत घेतली तर किंमत, आणि वर्षानंतर घेतली तर किंमत. तिसरा आकडा द्यायला टाळाटाळ होते. त्याशिवाय सही करू नका.

उदाहरण म्हणून आकडे धरू, तुमचे वेगळे असतील. वाढीव भाडं महिना २८,००० रुपये. वर्षाचे झाले ३,३६,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ३,५२,८००. इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग भाड्यात आहे असं समजू.

आता आज विकत घेण्याची किंमत साडेसात लाख, वर्षानंतरची ६ लाख २० हजार. म्हणजे गाडी वर्षात १ लाख ३० हजारांनी उतरणार. साडेसात लाख गुंतले, त्याचं १० टक्क्यांनी व्याज ७५ हजार. कर्ज न काढता ठेव मोडलीत तर व्याज कमी धरा, पण शून्य धरू नका. इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग मिळून ४५ हजार. एकूण अडीच लाख.

म्हणजे मुदतवाढ १ लाख २ हजार ८०० रुपयांनी महाग पडली. त्या पैशात तुम्हाला काय मिळतं? वर्षानंतर गाडी त्यांच्या दारात लावून निघून जायची मोकळीक, आणि मधल्या काळात जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव कोसळले तर तो तोटा त्यांचा. ही मोकळीक तुम्हाला लाखभर रुपयांची वाटते का, हा खरा प्रश्न आहे. याच उदाहरणात भाडं २० हजारांच्या आसपास आलं तर दोन्ही पर्याय सारखे होतात. घासाघीस करताना हा आकडा डोक्यात ठेवून बसा.

एक गोम अशी, की वर्षभर भाडं घेऊनही काही कंपन्या विकत घेण्याची किंमत आजचीच ठेवतात. तसं असेल तर मुदत वाढवून नंतर गाडी घ्यायचा विचार सोडूनच द्या.

त्यांनी सांगितलेली विक्री किंमत रास्त आहे हे कसं ओळखायचं?

इन्शुरन्सच्या कागदावर आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) लिहिलेली असते. ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे दोन ते तीन वर्षांच्या गाडीला त्या मॉडेलच्या चालू किमतीतून ३० टक्के घट धरतात, तीन ते चार वर्षांना ४० टक्के, चार ते पाच वर्षांना ५० टक्के. वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीला बाजार अनेकदा याहूनही कमी देतो. तेव्हा मागितलेली किंमत आयडीव्हीच्या वर असेल तर सरळ नकार द्या. नव्या गाडीचे भाव मधल्या काळात उतरलेत का तेही बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटांनी नेक्सॉन ईव्ही १ लाख २० हजारांपर्यंत स्वस्त केली, तेव्हा आधी घेतलेल्या गाड्यांचा भाव एका दिवसात खाली आला होता.

विकत घेताना जीएसटी लागतो का?

लीज कंपनीसारख्या नोंदणीकृत विक्रेत्याने जुनी इलेक्ट्रिक गाडी विकली तर १८ टक्के, पण तो पूर्ण किमतीवर नाही. घसारा वजा जाता वहीत उरलेल्या किमतीपेक्षा जेवढं जास्त मिळालं, तेवढ्या फरकावरच. २०२५ च्या जानेवारीपासून असं आहे. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावलेलं कोटेशन आलं तर खुलासा मागा. शेजाऱ्याकडून त्याची स्वतःची गाडी घेतलीत तर हा कर नाही.

बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे ना? मग विकत घ्यायला काय भीती?

आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, ही हमी बऱ्याच गाड्यांना आहे. ती गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जाते का, हे मात्र हमीपत्रात वाचा. अलीकडे काही कंपन्या 'आजीवन' हमी देतात. ती पहिल्या खासगी मालकापुरती असते आणि मालक बदलला की वर्षं आणि किलोमीटर यांची मर्यादा लागू होते.

लीजवाल्यांची अडचण इथेच होते. तीन वर्षं गाडी तुम्हीच चालवली, पण आरसी लीज कंपनीच्या नावावर असेल तर हमीच्या दृष्टीने तुम्ही दुसरे मालक ठरू शकता. आरसी तुमच्या नावावर आणि लीजची फक्त नोंद असेल तर गोष्ट वेगळी. गाडी बनवणाऱ्या कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शोरूममधल्या मुलाचं 'होऊन जाईल सर' कामाचं नाही.

बॅटरी किती उरली आहे ते घरी कळतं का?

अंदाज येतो. चार्जरच्या लाइनवर एक साधं सबमीटर बसवा. बॅटरी २० टक्क्यांवरून १०० टक्के भरा आणि किती युनिट गेले ते लिहा. नवी असताना ४० युनिटची बॅटरी असेल तर ८० टक्के म्हणजे ३२ युनिट. घरच्या चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर ३६ च्या आसपास दिसायला हवी. ३० दिसले तर बॅटरीची ताकद कमी झालीय. एका चाचणीवर जाऊ नका, वेगवेगळ्या दिवशी करून बघा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आधी एक-दोनदा पूर्ण भरून घ्या, नाहीतर पडद्यावरचे टक्केच चुकीचे असतात. किती किलोमीटर गेली यावरून ठरवायचं म्हटलं तर आपल्याकडे सपाट रस्ता शोधण्यातच दिवस जाईल.

विकत घ्यायचं नक्की होत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल घ्या. हा खर्च लीज कंपनीने करायचा.

खाऱ्या हवेचा एवढा परिणाम होतो का?

होतो, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या गाडीसाठी हाच मुद्दा हिशेबाच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशा ठिकाणी समुद्राला लागून उभी राहणारी गाडी आणि चिपळूण-सावंतवाडीकडची गाडी यांत तीन वर्षांत चांगलाच फरक पडतो. पत्र्याला कंपनीने गंजरोधक दिलेलं असतं, पण बोल्ट, क्लॅम्प, सस्पेन्शनचे जोड, बॅटरीच्या खोक्याचे कोपरे यांवर मीठ बसतं.

इलेक्ट्रिक गाडीची यात एक खास अडचण आहे. पाय उचलला की मोटरच गाडी आवरते, त्यामुळे ब्रेकचा वापर कमी. वापरात नसलेल्या डिस्कवर खाऱ्या हवेत गंज चढतो, पुढे कॅलिपर अडकतात. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, दाबून ब्रेक मारत जा. चार्जिंगच्या तोंडाचं झाकण नीट लागतंय ना आणि आतल्या पिना काळ्या-हिरव्या पडल्या आहेत का, तेही बघा. मोबाइलच्या उजेडात दिसतं.

गाडी खालून धुवायची ती गोड्या पाण्याने. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुतल्याने नुकसानच. प्रेशरचा पाइप नारिंगी केबलवर (त्यात जास्त दाबाची वीज असते) आणि जोडांवर जवळून मारायचा नाही.

मुदतवाढीशी संबंध असा, की गंज दर पावसाळ्यात वाढतो आणि परत करताना तपासणी होते. 'नेहमीची झीज' म्हणजे काय ते करारात लिहिलेलं असतं. गंजाचा उल्लेख नसेल तर आत्ताच, मुदत वाढवण्याआधी, गाडी लिफ्टवर घेऊन खालचे तारखेसह फोटो काढा आणि कंपनीला मेल करा. खालून गंज धरलेली गाडी विकत घेऊ नका, हिशेब कितीही गोड निघाला तरी.

गाडी वाळूत नेली होती. सांगावं लागेल का?

तपासणीत वाळू सापडतेच. आणि भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाडीचा क्लेम इन्शुरन्सवाला सहजासहजी देत नाही. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी किनाऱ्यावर गाडी उतरवू नका.

पावसात उंदरांनी वायर कुरतडल्या, तर ते कोण भरतं?

पॉलिसीवर अवलंबून आहे. मांगराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीला हा त्रास ठरलेला. वाढीव काळाच्या पॉलिसीत उंदरांनी केलेलं नुकसान धरलंय का ते विचारा, कारण इलेक्ट्रिक गाडीतली केबलची जुडी बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

पुराचं काय? बॅटरी पाण्यात टिकते म्हणतात.

बॅटरीचा आयपी ६७ हा पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा सांगतात, तो म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीच्या स्वच्छ पाण्यात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते अर्ध्या तासात ओसरलं नाही आणि स्वच्छही नव्हतं. चिपळूण, खेड, महाड, राजापूर अशा नदीकाठच्या बाजारपेठांत राहत असाल तर पॉलिसीत बॅटरीसाठी वेगळं संरक्षण आहे का ते बघा. असेल तर वाढीव वर्षातही चालू ठेवायला सांगा. इंजिनचं संरक्षण घेऊन इलेक्ट्रिक गाडीला उपयोग नाही, तरीही ते जोडून दिलेल्या पॉलिसी दिसतात.

पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. उचलून न्यायची.

तीन वर्षं झाली. इन्शुरन्समध्ये काय बदलतं?

नव्या गाडीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. तुमची लीज ३६ महिन्यांची असेल तर तोही त्याच सुमारास संपतो. मुदतवाढीच्या गडबडीत मधले चार दिवस गाडी विम्याविना राहते, असं घडू शकतं. झीरो डेप्रिसिएशन (क्लेम देताना सुट्या भागांचा घसारा न कापणारं संरक्षण) साधारणपणे पाच वर्षांपर्यंत मिळतं. त्यामुळे गाडी विकत घेऊन अजून बरीच वर्षं ठेवायची असेल तर पुढच्या क्लेममध्ये सुट्या भागांच्या घसाऱ्याचे पैसे खिशातून जातील, हे धरून चाला.

किलोमीटरची मर्यादा ओलांडली आहे. आता?

मग मुदतवाढ तुमच्या फायद्याची ठरू शकते. वाढीव वर्षाचे किलोमीटर मागच्या जादा किलोमीटरांत मिसळून एकत्र हिशेब करायला सांगा. वर्षाला १५ हजारांची मर्यादा असेल आणि तीन वर्षांत ४९ हजार झाले असतील, तर चौथ्या वर्षी ११ हजारांत भागवलंत की दंड नाही. हे लेखी हवं, कारण काही करारांत दर टप्प्याचा हिशेब वेगळा असतो.

गुहागर-दापोली बाजूची मंडळी दाभोळ-धोपावे फेरी बोटीने बरेच किलोमीटर वाचवतात, तसंच जयगड-तवसाळचं. उलट, रत्नागिरीहून मुंबईला एक फेरी जाऊन-येऊन जवळपास सातशे किलोमीटरची. घरात कोणाचं मुंबईत औषधपाणी सुरू असेल तर मर्यादा वाढवूनच घ्या.

लीज जूनमध्ये संपतेय. गणपतीपर्यंत वाढवू का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. गणपतीत गाडी हवीच, हे मान्य. पण जून ते सप्टेंबर हेच गाडीचे सर्वात वाईट महिने: पाऊस, खड्डे, गंज, पुराची भीती. त्या चार महिन्यांसाठी गाडी पुढे ठेवायची आणि ऑक्टोबरमध्ये तपासणीला द्यायची, म्हणजे सगळी झीज तुमच्या खात्यावर. परत करायचीच असेल तर मे महिन्यात, धुऊन पुसून, कोरड्या रस्त्यावरून जाऊन द्या. गणपतीचे दहा-पंधरा दिवस भाड्याची गाडी घेतलीत तरी बहुधा स्वस्त पडेल. फक्त ती आत्ताच सांगून ठेवा, चाकरमानी यायला लागले की कोणी उभं करत नाही.

चार्जिंग घरी नीट होत नाही. गाडी बिघडली म्हणून परत करू का?

आधी वायरमन बोलवा. जांभ्याच्या कातळावरच्या घरांना अर्थिंग नीट मिळत नाही. कातळ कोरडा पडला की विजेला जमिनीत वाट राहत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. पावसात चालणारा चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवतो तो यामुळे. अर्थिंगचा खड्डा माती असलेल्या जागी, शक्यतो ओलसर बाजूला, घ्यायचा. घराला टेकूनच हवा असं काही नाही.

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात वीस-पंचवीस युनिट जातात, रोजच्या धावण्याला पुरतात. ७.२ किलोवॉटचा वॉल बॉक्स (भिंतीवरचा चार्जर) हवा असेल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. हा खर्च गाडी परत केली तरी वाया जात नाही. पुढची इलेक्ट्रिक गाडी कोणतीही असो, घरचा टाइप २ प्लगचा चार्जर तिला बहुधा चालतो. मात्र चार्जर लीज कंपनीने दिला असेल तर तो गाडीबरोबर परत द्यायचा की नाही, ते बघा.

घाटात रेंज पडते, म्हणून मोठ्या बॅटरीची नवी गाडी घ्यावी का?

माणसं आणि सामान धरून दोन टनांच्या आसपासची गाडी सहाशे मीटर वर चढवायला, रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरचा आंबा घाट म्हणा, तीन-साडेतीन युनिट जादा लागतात. उतरताना त्यातले बरेच परत येतात. वरून निघताना बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर मात्र येत नाहीत, कारण ठेवायला जागाच नसते. रोज कोल्हापूर करत नसाल तर एवढ्यासाठी गाडी बदलू नका.

होमस्टेच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो. चालेल ना?

पैसे घेऊन, किंवा खोलीच्या भाड्यात धरून, खासगी गाडीतून पाहुणे आणणं नियमात बसत नाही. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे म्हणजे खासगी, पिवळे आकडे म्हणजे व्यवसायासाठी. अपघात झाला तर क्लेम नाकारतात, आणि लीजचा करार मोडल्याचा ठपका वेगळा. धंद्यासाठीच गाडी लागत असेल तर मुदतवाढ न करता व्यावसायिक नोंदणीची गाडी बघा.

आरसी लीज कंपनीच्या नावावर आहे. मग चलान कोणाचं?

तुमचंच. मोटार वाहन कायदा लीजच्या गाडीच्या बाबतीत, करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे त्या व्यक्तीला मालक धरतो. परत करण्याआधी चलानं भरून टाका. गाडी विकत घेतलीत तर फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर तुमचंच नाव असेल आणि लीजची नोंद असेल तर ती काढायला फॉर्म ३५. गाडी परराज्यात नोंदलेली असेल आणि बारा महिन्यांहून जास्त इथे असेल, तर इथला नंबर घ्यायचं काम राहून गेलंय. विकत घेण्याच्या किमतीत ते काम त्यांच्याकडून करून घ्या.

टोलमाफी आहे ना, ती धरायची का?

राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. ती जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांना सारखीच, त्यामुळे या निर्णयात तिचं वजन नाही. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग त्या यादीत नाही.

नोकरीतून लीज घेतली होती, आता नोकरी सोडून गावी येतोय.

मुदतवाढीचा पर्याय बहुधा नाहीच. तुम्ही नोकरी करता त्या कंपनीने लीजची हमी दिलेली असते, ती नोकरीबरोबर जाते. मुदतीआधी बंद करण्याचा दंड आणि गाडी स्वतःच्या नावावर घेण्याची किंमत, दोन्ही राजीनाम्याआधी विचारा. नंतर तुमच्या हातात घासाघीस करायला काही उरत नाही.

मुदत या आठवड्यात संपतेय आणि काहीच ठरलेलं नाही.

महिन्या-महिन्याने वाढवून मागा. भाडं थोडं जास्त पडेल, पण वर्षभर अडकणार नाही. मेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे, किती दिवस आधी कळवून गाडी परत करता येईल, आणि या महिन्यात विकत घेण्याची किंमत तीच राहील का. विम्याची तारीख उलटलेली असेल तर उत्तर येईपर्यंत गाडी पडवीसमोरच राहू दे.